पाणी दिलेले पाते, न उजळणारा धातू

शहापूर-मुरबाड भागात कोयता घेणारा माणूस हमखास विचारतो, "पाणी नीट दिलंय ना?" पुढे धातुशास्त्र शिकताना जाणवले, की या शब्दप्रयोगाने सारे श्रेय पाण्याला देऊन टाकले आहे. निम्मे काम त्याआधीच भट्टीत झालेले असते.

धातू अखंड दिसला तरी तो सूक्ष्म स्फटिकदाण्यांचा बनलेला असतो. (पुस्तकांत 'कण' म्हणतात, भात पिकवणाऱ्या मुलखात मला 'दाणा'च बरा वाटतो.) थंड धातू ठोकला की दाणे चेपून लांबट होतात, आत ताण साठतो. पुरेशी ऊब मिळाली, की त्यांच्या जागी नवे, बारीक, ताणमुक्त दाणे जन्मतात. ऊब लांबली, तर मोठे दाणे लहानांना गिळू लागतात. आमचे लोहारकाका मोडलेले पाते उन्हात धरून "जास्त तापलं होतं" म्हणत, ते तुटलेल्या कडेची भरड चमक पाहूनच. बारीक दाण्याचा धातू बळकट का, याचे सूत्र हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये मांडले.

मी ज्याचा अभ्यास केला त्या मॅग्नेशियमपुढे मात्र काकांची नजर थिटी पडते. पोलाद तापताना रंग बदलून सांगते. मॅग्नेशियमचा घडीव मिश्रधातू ३४५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतो, तेव्हा तो जराही उजळत नाही. भट्टीतला तापमापक सांगेल तेच खरे. शिवाय त्याचा हट्ट वेगळा. त्याच्या षट्कोनी स्फटिकांना थंडपणी सरकायच्या वाटा थोड्या, म्हणून तो गारच लाटू गेल्यास कडेला तडकतो. लाटलेल्या पत्र्यात बहुतेक दाणे एकाच दिशेला आडवे पडतात. तापवून दाणे नवे झाले तरी ती दिशा बरीचशी तशीच उरते. सिरियम, इट्रियम यांसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये किंचित मिसळली, तर हा कल सैल होतो. मला यातले सर्वांत विलक्षण हेच वाटते : दाणा नवा, वळण जुने.

एकदा तसा तुकडा मी काकांना दाखवला. पोलादाच्या पाव वजनाचाही नाही! त्यांनी तो तळहातावर तोलला, नखाने खरवडला.

"कोयता होईल का रे याचा?"

"नाही काका. हा पोलादासारखं पाणी घेत नाही."

"मग काय उपयोग," म्हणत त्यांनी तुकडा परत दिला, आणि भाता ओढू लागले.