दुर्बीण आणि विवेक

अमेरिकेत माँटानात राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने १८९८ च्या नमुन्याच्या माउझर रायफलीस घरीच नवी नळी व दस्ता बसविला. त्याचा स्नेही कसबी कारागिराकडून रायफल घडवून घेतो. श्रेष्ठ कोणती, असे तो आम्हांस पुसतो. कारागिराच्या हत्यारात दोष कमी. स्वतः घडविलेल्याचे दोष ठाऊक तरी असतात! खरा प्रश्न दुर्बिणीचा. ती ५०० यार्डांवरील हरिण जवळ दाखविते, जवळ आणीत नाही. गोळीस तेथवर जाण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो. तेवढ्यात हरिणाने पाऊल टाकिले, तर मर्मस्थान चुकून ती पोटात शिरते व मुके जनावर तडफडत मरते. प्रतिमा जितकी मोठी, तितके दृष्टिक्षेत्र लहान; म्हणून आम्ही बेताच्या शक्तीची, स्वच्छ भिंगांची दुर्बीण सुचविली. चाप न ओढण्याचा विवेक मात्र कोणताही कारागीर घडवून देत नाही. तो घरीच घडवावा लागतो.