पाय धुणारा गुरू

देवस्थानच्या महाजनांनी मला अध्यक्ष निवडले तेव्हा माझी साठी उलटली होती. जन्मभर कचेरीत वरिष्ठांचे हुकूम पाळलेल्या माणसाच्या हाती हुकूम देण्याचा अधिकार आला की काय घडते, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. त्यात माझी थोडी नामुष्की आहे. परंतु ती वगळली तर लिहिण्याजोगे काही उरत नाही.

आमच्या देवस्थानची व्यवस्था गोव्यातील इतर देवस्थानांसारखीच आहे. दर तीन वर्षांनी महाजन निवडणूक करतात आणि अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार, चिटणीस अशी समिती बसते. पुढारीपण म्हणजे सभेत चढ्या आवाजात बोलणे, कामे वाटून देणे आणि चुकणाऱ्यास चारचौघांत खडसावणे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पहिले वर्ष त्या समजुतीवर निभावले. दुसऱ्या वर्षी माघातील जत्रा आटोपली आणि तिचे फळ एका निरपराध मुलास भोगावे लागले.

जत्रेतील समाराधनेचा शिधा व किरकोळ खर्च या मुलाकडे सोपविला होता. त्याला वडील नव्हते. दिवसा तो एका दुकानात नोकरी करी आणि रात्री देवळाच्या स्वयंपाकघरात राबे. हिशेबाच्या सभेत साडेचार हजार रुपयांचा मेळ बसेना. मी सर्वांदेखत त्यास विचारले, "पैसे गेले कुठे?" शब्द साधेच होते, पण ज्या स्वरात ते उच्चारले गेले, त्याचा अर्थ सभामंडपातील प्रत्येकास कळला. तो काही बोलला नाही. त्याने वही माझ्यापुढे ठेवली, देवास नमस्कार केला आणि पायऱ्या उतरून तो निघून गेला. त्या दिवसापासून तो देवळात दिसेनासा झाला.

आठवड्याभराने एकादशी पाहण्यासाठी पंचांग उघडले, तो आत नारळवाल्याची पावती! जत्रेच्या आदल्या रात्री मीच त्या मुलाकडून पैसे घेऊन नारळांचे देणे भागविले होते आणि पावती पंचांगात ठेवून विसरलो होतो. मी ती खजिनदारांकडे गुपचूप नेऊन दिली. वहीत दुरुस्ती झाली. सभेत मी जे बोललो होतो, त्याची दुरुस्ती मात्र झाली नाही. अध्यक्षानेच माफी मागितली तर उद्या त्याचा शब्द कोण मानील, असे मी माझ्या मनास समजावीत राहिलो.

अशा मनःस्थितीत चैत्रात माझ्या एका ख्रिस्ती स्नेह्यांचे बोलावणे आले. हे गृहस्थ साष्टीत राहणारे निवृत्त शिक्षक. वयाने मजहून वडील, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणतो. ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी, ज्यास ख्रिस्ती बांधव पवित्र बिरेस्तार म्हणतात, इगर्जीत बारा जणांचे पाय धुण्याचा विधी असतो. त्या वर्षी बारा जणांत मास्तरांची निवड झाली होती.

मी मागच्या बाकावर बसून पाहत होतो. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर मास्तर होते, एक बसचालक होता, मासे विकणारी एक बाई होती आणि पहाटे सायकलवरून पाव वाटणारा एक म्हातारा पोदेरही होता. पूर्वी हा मान केवळ पुरुषांना असे. पोप फ्रान्सिस यांच्या आज्ञेने २०१६ साली तो नियम बदलला आणि स्त्रियांनाही त्यात स्थान मिळाले. त्याच पोपनी २०१३ साली रोममधील अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले होते. त्यांत दोन मुली होत्या आणि ख्रिस्ती नसलेलेही होते.

पाद्रींनी वरचे भरजरी वस्त्र उतरवून ठेवले, कमरेस साधा टॉवेल बांधला आणि पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले. त्यांचेही वय झाले होते. प्रत्येक वेळी उठताना त्यांना दुसऱ्याच्या हाताचा आधार घ्यावा लागे. पोदेराच्या भेगाळलेल्या टाचांवर पाणी ओतून त्यांनी ते पाय पुसले, तेव्हा पोदेराने संकोचाने डोळे मिटून घेतले. मी माझ्या मनाशी एका मुलाचे पाय पाहिले. देवळाच्या पायऱ्या उतरत गेलेले.

परत येताना मास्तरांनी मला मूळ प्रसंग सांगितला. तो योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात आहे. मरणाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांसमवेत भोजनास बसला होता. तो मध्येच उठला, त्याने अंगावरचे वस्त्र काढून ठेवले, कमरेस रुमाल गुंडाळला, घंगाळात पाणी घेतले आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्या काळी धुळीने भरलेले पाय धुणे हे घरातील हलक्या चाकराचे काम. म्हणून पेत्राने आपले पाय मागे घेतले. गुरूने त्याचे ऐकले नाही. सर्वांचे पाय धुऊन झाल्यावर त्याने सांगितले, की मी तुमचा गुरू असून हे केले, तेव्हा तुम्हीही एकमेकांसाठी हेच करावयास हवे. ज्या यहूदाने त्याच रात्री त्यास शत्रूच्या हाती दिले, तोही तेव्हा त्या पंक्तीत होता.

मला प्रथम आपली राजसूय यज्ञाची कथा आठवली. युधिष्ठिराच्या त्या थोर यज्ञात भगवान श्रीकृष्णांनी ब्राह्मणांचे पाय धुण्याचे काम स्वतःकडे घेतले होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग यात नवे ते काय? विचार करता भेद ध्यानात आला. आपण पाय धुतो ते अतिथीचे, गुरूचे, लग्नात जावयाचे. येथे गुरूनेच शिष्यांचे पाय धुतले होते. वडीलपणाचा सारा ओघ उलट दिशेस वळविला होता. अधिकार टाकून देणे हा त्याचा अर्थ नव्हे. आपण गुरू आहोत हे तो स्पष्टपणे म्हणतो, आणि म्हणूनच हे काम आपले आहे असे सांगतो.

तरीही माझ्या मनात एक काटा होता. आमचा देव सोळाव्या शतकात साष्टीतूनच जुवारी ओलांडून अंत्रुजात आला. मूळ देऊळ कोणी पाडले, हे आमच्या घरात प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीस सांगितले आहे. मी मास्तरांना सरळ विचारले, "हे पाय धुणे ज्या धर्मात आहे, त्याच धर्माच्या लोकांनी आमची देवळे कशी पाडली?" मास्तर रागावले नाहीत. थोडे थांबून म्हणाले, "सत्ता हाती आल्यावर आमच्या लोकांनी घंगाळ खाली ठेवले आणि पहार उचलली. त्याचे समर्थन माझ्याजवळ नाही. पण पाय धुणाऱ्याने पहार दिली नव्हती, एवढे मी जाणतो." त्यांनी आपल्या पूर्वजांची बाजू सावरून धरली असती, तर मी पुढे काहीही ऐकून घेतले नसते. पुढाऱ्याने चूक कबूल केल्याने त्याचा शब्द हलका होत नाही, हे मला त्या क्षणी कळले.

निघताना त्यांनी मला एक लहानसे इंग्रजी पुस्तक दिले. ते इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमांचे भाषांतर होते. त्र्याहत्तर प्रकरणांचे हे पुस्तक मठाधिपतीस अधिकार पुष्कळ देते, पण त्याच्यावर अंकुशही तितकेच ठेवते. महत्त्वाच्या कामी त्याने सर्वांस बोलवावे आणि सर्वांत लहानाचेही ऐकावे, कारण पुष्कळदा देव लहानाच्या मुखाने बोलतो. स्वयंपाकघराची पाळी मठवासीयांनी आठवड्या-आठवड्याने घ्यावी आणि पाळी संपताना सर्वांचे पाय धुवावे. गंज काढण्याच्या नादात भांडेच फुटू नये, अशा आशयाची ताकीदही त्यात आहे. बेनेडिक्टना हे शहाणपण फुकट मिळाले नव्हते. पोप ग्रेगरी यांनी लिहिलेल्या चरित्रात कथा आहे, की पहिल्या एका मठात त्यांची शिस्त न सोसून तेथील लोकांनी त्यांना विष देण्याचा प्रयत्न केला आणि ते तो मठ सोडून गेले.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील एक पायरीही मास्तरांनी दाखवून दिली: बंधू चुकला तर प्रथम त्यास एकट्यास भेटून सांगावे, न ऐकल्यास दोघा-तिघांस बरोबर न्यावे, सभेपुढे जावे ते अगदी शेवटी. मी तर शेवटच्या पायरीपासूनच आरंभ केला होता, आणि तोही बंधू चुकलेला नसताना.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. पावतीची हकीगत सांगितली. माफीचे शब्द योजून नेले होते, ते ऐन वेळी आठवेनात. "चूक माझी होती," एवढेच म्हणालो. त्याची आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "सभेत बोललात, तेव्हा सारा गाव होता." मी म्हणालो, "सभेतच सांगेन." मुलगा बराच वेळ खाली पाहत होता. मग आत गेला आणि कप घेऊन आला. "भाऊ, च्या घेयात," एवढेच तो म्हणाला.

पुढच्या सभेत मी उभे राहून सर्व सांगितले. सभामंडपात शांतता पसरली. मला वाटली होती तशी अवज्ञा कोणी केली नाही. उलट त्या दिवशी दोघा महाजनांनी आपापल्या हिशेबातील चुका आपण होऊन सांगितल्या. मुलगा देवळात परतला तो मात्र पुढच्या जत्रेस. तुटलेला विश्वास माझ्या सोयीने सांधला जाणार नव्हता, हे मी समजून घेतले.

त्यानंतर मी तीन गोष्टी पाळू लागलो. सभेत सर्वांत तरुण सभासदास प्रथम बोलू द्यावयाचे आणि अध्यक्षाने शेवटी बोलावयाचे. चूक दिसली तर प्रथम एकट्यास गाठावयाचे. आणि समाराधनेनंतर तांब्याचे हंडे घासण्याची एक पाळी स्वतः घ्यावयाची. यांतील पहिली सर्वांत कठीण. अजूनही कित्येकदा जिभेशी आलेले वाक्य मला गिळावे लागते. तिसऱ्या गोष्टीत मात्र मला आता सुख वाटते. गेल्या जत्रेत हंडा घासताना माझा हात जोरात चालू लागला, तेव्हा शेजारी बसलेल्या त्या मुलाने राखेचे भांडे माझ्याकडे सरकवले आणि हळूच म्हटले, "भाऊ, सावकाश. कल्हई जाईल."