पाण्यासारखी झोपेचीही पाळी लावा



या वेळची नोंद पिकाच्या थकव्याची नाही, आपल्या थकव्याची आहे.

डिसेंबर संपत आलाय. गहू चाळीस दिवसांचा झाला, कांद्याची लागवड सुरू आहे, कपाशीची शेवटची वेचणी राहिलीय, तूर कापणीला आलीय. मजूर आज मिळतात, उद्या नाही. त्यात लाईटची पाळी रात्रीची. दिवसा वाफ्यात वाकायचं आणि रात्री बॅटरी घेऊन बारे द्यायला जायचं. धुळ्याकडची पहाटेची थंडी काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

असे दहा-बारा दिवस गेले की माणसाचं काय होतं, ते या महिन्यात माझ्याच अंगावर पाहिलं. भाकरीला चव लागेना. पोराने वहीसाठी पैसे मागितले तरी राग यायचा. मोटार चालू केली का बंद, ते दोनदा जाऊन पाहावं लागायचं. रस्त्यात कोणी विचारलं, "काय भाऊ, कसं काय?" की तोंडातून आपोआप निघायचं, "बरं शे." शेवटी घरातूनच बोलणं आलं, "आठ दिवस झाले, तुम्ही नीट बोलले नाहीत." तिचं तरी काय वेगळं? मी पहाटे आलो की पाणी तापवायला ती उठते, मग धारा, डबे, आणि पुन्हा कांदा लावायला शेतात. एका घरात दोन माणसं न झोपता राबत होती.

मोबाईलवर सल्ले पुष्कळ येतात. सुट्टी घ्या, फिरून या, स्वतःसाठी वेळ काढा. दावणीला म्हैस बांधलेल्या घराला सुट्टी कुठली? म्हणून आपल्याला जमेल तेवढंच लिहितो.

पहिली गोष्ट, पीक पाहून रात्र वाचवा. गव्हाला पाणी कमी असेल तर कृषी विद्यापीठाची शिफारस सरळ आहे. एकच पाणी असेल तर 40 ते 42 दिवसांनी. दोन असतील तर 20 ते 22 आणि 60 ते 65 दिवसांनी. तीन असतील तर 20 ते 22, 40 ते 42 आणि 60 ते 65 दिवसांनी. म्हणजे मुकुटमुळं फुटताना, कांडी धरताना आणि फुलोऱ्यात ताण पडू द्यायचा नाही. या दिवसांची रात्र जागावीच लागेल. मधल्या दिवसांत काळ्या जमिनीत वीतभर खोल माती उकरा, मुठीत दाबा. गोळा होत असेल तर आजचं पाणी दोन दिवस पुढे ढकलता येतं. लाईट आहे म्हणून मोटार चालू, या सवयीत बऱ्याच रात्री जातात. हलक्या मुरमाड जमिनीला हे लागू नाही, तिथे ओल लवकर उडते.

दुसरी गोष्ट, पाळी लावा. आमच्या डीपीवर शेजारी-शेजारी तीन शेतकरी आहेत. तिघंही रोज रात्री आपापल्या बांधावर कुडकुडत असायचे. आता ठरवलंय, एका रात्री एकाने जायचं आणि तिघांचं पाणी पाहायचं. बारे दिवसाउजेडी काढून ठेवायचे, कोणत्या वाफ्यापर्यंत पाणी गेलं ते सकाळी फोनवर सांगायचं. तिघांना मिळून तीन रात्रींत सहा झोपा मिळाल्या. पहिल्या दिवशी मन शेताकडेच होतं, दुसऱ्या पाळीला मात्र गाढ झोप लागली.

यात नवं काहीच नाही. आपल्या पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटाखाली फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला शेतकरी मिळून द्यायचे. फड पद्धतीचं कौतुक पाण्याच्या समान वाटपासाठी होतं, ते खरंच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एक माणूस जागा राहायचा म्हणून बाकीचं गाव झोपायचं. पुढे घरोघरी विहीर झाली, बोअर झाली, आणि ज्याची मोटार त्याचंच जागरण झालं. दिवसा लाईट मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. आपल्या फीडरला दिवसाची लाईट येईल तेव्हा येईल, तोवर शेजाऱ्याशी पाळी ठरवायला तर कोणाची मंजुरी लागत नाही.

तिसरी गोष्ट, रात्र जागलात तर दुपारी अर्धा तास आडवं व्हा. लिंबाखाली गोणपाट टाका आणि फोन दुसऱ्याकडे द्या. हा आळस नाही. पेंगुळलेला माणूस ओल्या हाताने स्टार्टरला हात लावतो, विळ्याने बोट कापून घेतो. आणि हाच अर्धा तास घरातल्या बाईलाही मिळाला पाहिजे. दुपारचा चहा त्या दिवशी दुसऱ्या कोणी केला तर काही बिघडत नाही.

चौथी गोष्ट, रिकाम्या पोटी, नुसत्या चहा-बिडीवर रात्र काढू नका. निघण्याआधी भाकरी-डाळ पोटभर खा. थंडीत तहान कळत नाही, म्हणून पाण्याची बाटली बांधावर असू द्या.

पाचवी गोष्ट, थकलेल्या डोक्याने मोठा व्यवहार करू नका. गाय विकणं, उसनवारी, बांधावरून भावाशी भांडण, हे सगळं एका झोपेनंतरवर ठेवा. सकाळी त्यातलं निम्मं उरत नाही.

आता जपून वाचायचं. प्रत्येक थकवा झोपेने जात नाही.

फवारणीनंतर मळमळ, डोकेदुखी, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधूक दिसणं असं झालं तर ती दमणूक समजून घरी पडून राहू नका. काम थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल घेऊन लगेच दवाखाना गाठा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरून चालणार नाही.

झोप होऊनही महिनाभर अंगात ताकद नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त, साखर, बीपी तपासून घ्या. आपल्याकडे बायका रक्त कमी असतानाच निंदणी-वेचणी करत राहतात. साक्री-शिरपूरच्या आदिवासी भागात सिकलसेलचीही तपासणी करून घ्यावी. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासावीच.

आणि तिसरा थकवा मनाचा. वेळ असूनही झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, माणसं नकोशी होतात, "आता काय राहिलं?" असं वाटतं. हे दोन आठवडे टिकलं तर आशाताईला, डॉक्टरला सांगा. टेली मानसचा 14416 हा नंबर आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचे विचार येत असतील तर त्या रात्रीच फोन करा आणि घरातल्या कोणाला जवळ बसवा. घरच्यांनीही एक करावं, फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत आणि चावी दुसऱ्याच्या हाती द्यावी. शेजारी "बरं शे" म्हणाला तरी त्याचा चेहरा पाहावा, आणखी एकदा विचारावं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. जू घासून सोललेल्या खांद्याला हळद-तूप चोळतो आणि पोळ्याला त्याला औताला जुंपत नाही. बैल मागायला येत नाही, आपणच त्याचा खांदा पाहतो. शेवटी काम त्याच खांद्यावर चालणार असतं.

उद्या रात्री माझी पाळी आहे, परवा आणि तेरवा झोप. तुमच्या डीपीवर किती जण आहेत, आणि पाळी कशी बसवता येईल, ते आज संध्याकाळी पारावर बोलून पाहा. कोणी आधीच करत असेल तर कशी चालते तेही इथे लिहा, बाकीच्यांना उपयोगी पडेल.