चार मीटरच्या आत

गाडी घ्यायचा विषय निघाला की आमच्यासारख्या घरात पहिला प्रश्न ॲव्हरेजचा असतो, दुसरा डिकीचा आणि तिसरा रीसेलचा. बाबांनी तिन्ही प्रश्न याच क्रमाने विचारले. महिन्याचं पेट्रोल पगारातून भागलं पाहिजे, गावाहून निघताना तांदूळ आणि आंब्याच्या पेट्या डिकीत बसल्या पाहिजेत, आणि पुढेमागे विकायची वेळ आली तर हातात काही पडलं पाहिजे. हा हिशेब मला पूर्ण मान्य होता. पण माझा आणखी एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटातलं एखादं वळण संपत आलंय, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे, समोरचा रस्ता उलगडू लागलाय, आणि मी पाय किंचित दाबते. त्या क्षणी गाडी कशी वागेल?

छोट्या, परवडणाऱ्या आणि तरीही अंगात दम असलेल्या गाड्यांची सगळी ओढ त्या क्षणात आहे. जगभर त्यांना हॉट हॅचबॅक म्हणतात. १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय विकायला काढली, तेव्हा हा प्रकार नावारूपाला आला. घरगुती वापराची साधी गोल्फ, तिच्यात १.६ लिटरचं ११० अश्वशक्तीचं इंजिन. बाहेरून फरक म्हणजे पुढच्या जाळीभोवतीची लाल रेघ. आतल्या चौकड्यांच्या सीट आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ या दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनर बाईंच्या. वेगवान गाड्यांचं जग पुरुषांचं समजलं जायचं त्या काळात हे काम एका बाईच्या हातून झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. १९८४ मध्ये फ्रान्समधून प्यूजो २०५ जीटीआय आली. या गाड्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. आनंदासाठी वेगळी, महागडी, दोन माणसांची गाडी लागत नाही. सोमवारी जी ऑफिसला नेते, शनिवारी जिच्या मागच्या सीटवर आजी बसते, तीच गाडी रविवारी पहाटे आपल्याला एकटीला घाटात नेऊ शकते. एकाच पत्र्यात कर्तव्य आणि हौस दोन्ही नांदू शकतात.

आपल्याकडे या कल्पनेला जो आकार आला, तो सरकारी कराने दिला. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत हवी, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीच्या, डिझेलचं असेल तर १५०० सीसीच्या आत हवं. तोवर दम हवा म्हटलं की इंजिन मोठं करणं हाच सरळ रस्ता होता. माझ्या काकांकडे फियाट पॅलिओ होती, २००१ साली आलेल्या मालिकेतली, १.६ लिटरची, शंभर अश्वशक्तीची. तिच्या जाहिरातीत सचिन असायचा. काकांनी ती विकून आज किती वर्षं झाली, पण अजून बोलताना तिच्या स्टिअरिंगचं वजन त्यांच्या हातांत उतरतं. २००६ नंतर असं मोठं इंजिन छोट्या गाडीत बसवणं म्हणजे जादा कर गळ्यात घेणं झालं. मग अभियंत्यांनी टर्बोची वाट धरली. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी वाया जातो. त्याच धुराने एक चक्र फिरवायचं, त्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून लहान इंजिन मोठ्यासारखं ओढतं. करातली एक ओळ आणि त्यावर शोधलेला हा उपाय, यांतून माझ्या पिढीच्या आवडीच्या बऱ्याच गाड्या घडल्या.

आणि त्यातल्या कितीतरी इथेच, पुण्याच्या अवतीभवती. नाशिक रस्त्यावर चाकणला फोक्सवॅगनची पोलो तयार व्हायची. २००९ च्या अखेरीस सुरू झालेलं तिचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. नगर रस्त्यावर रांजणगावला फियाटची पुंतो तयार व्हायची, आणि २०१५ मध्ये तिचाच विंचवाचं चिन्ह मिरवणारा अबार्थ अवतार आला. टाटांची अल्ट्रोझही पुण्याचीच. २०२४ मध्ये तिची १२० अश्वशक्तीची रेसर आवृत्ती निघाली. ज्या गाड्यांविषयी आम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर तासन्‌तास बोलायचो, त्या आमच्या शहराच्या वेशीवर, आमच्याच शेजारच्या माणसांच्या हातांतून बाहेर पडत होत्या. शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या त्या माणसांना बघताना मला वाटायचं, यांच्यापैकी कुणीतरी एखाद्या पोलोचं दार बसवलं असेल, कुणी इंजिनाचा शेवटचा नट आवळला असेल.

मी शेवटी जुनी पोलो घेतली. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ११० अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअर, हाताने टाकायचे. मैत्रिणीकडे २०२१ ची स्विफ्ट आहे: १.२ लिटर, ९० अश्वशक्ती, टर्बो नाही. तिच्या भावाने सांभाळून ठेवलेली अबार्थ पुंतो आहे: १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन मीटर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. कागदावर हे आकडे एकाखाली एक मांडले की निकाल लागल्यासारखा वाटतो. रविवारी पहाटे वर्दळ नसताना आम्ही वाईला भेटतो आणि एकमेकांच्या गाड्या घेऊन पसरणी चढतो, तेव्हा कळतं की आकड्यांनी फक्त ओळख करून दिली होती.

स्विफ्ट हलकी आहे, नऊशे किलोच्या आसपास. ते हलकेपण स्टिअरिंग वळवताक्षणी कळतं. नाक आत शिरतं, मागचा भाग तक्रार न करता पाठोपाठ येतो. तिच्या इंजिनाकडून काम करून घ्यायचं तर ते वरच्या आरपीएमला फिरवत ठेवावं लागतं. गिअर खाली टाका, आवाज चढू द्या, मग ती मनापासून पळते. या मागणीमुळेच तिच्या चालकाला दर वळणाआधी विचार करावा लागतो: आत्ता दुसरा की तिसरा? ब्रेक इथे की थोडा पुढे? तिच्याकडे दम कमी म्हणून तिच्या प्रत्येक अश्वशक्तीचा पुरा उपयोग होतो. घाटाच्या माथ्यावर पोचल्यावर मनात जे समाधान असतं, त्यात आपल्या हातापायांचा वाटा मोठा असतो.

पोलोचा स्वभाव वेगळा. जड, घट्ट, दार लावलं की भरीव आवाज. तिचा टॉर्क साडेसतराशे आरपीएमपासूनच पूर्ण मिळतो, त्यामुळे चढावर गिअर न बदलताही ती ओढत राहते. मात्र त्याच्या खाली पाय दाबला तर टर्बो जागा व्हायला पळभर लागतो. झोका मागच्या टोकाला जाऊन थबकतो आणि मग पुढे येतो, तसा. त्या पळभराचा अंदाज अंगात भिनला की वळण संपायच्या किंचित आधी पाय टेकवायची सवय होते, आणि रस्ता उलगडतो त्याच क्षणी ओढ हाती येते. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. ओबडधोबड रस्त्यावरून जातानाही ती बिथरत नाही. तिच्यात बसून मी स्वतः शांत होते, असा माझा अनुभव आहे.

अबार्थचं सगळंच ठाम. जुन्या पद्धतीचं हायड्रॉलिक स्टिअरिंग हाताला जड लागतं आणि रस्त्याची खडी न् खडी तळव्यांपर्यंत पोचवतं. सस्पेन्शन कडक. अडीच हजार आरपीएमच्या पुढे ती जी झेपावते, त्याने पोटात खड्डा पडतो. पण पसरणीसारख्या अरुंद, वळणावळणाच्या घाटात तो दम क्वचितच पुरता वापरता येतो. पुढच्या वळणाच्या आत तो आवरावा लागतो. ती चालवून उतरले की माझे डोळे चमकत असतात, आणि तरीही चावी परत देताना मला माझी पोलोच हवी असते. या पहाटांनी मला जे शिकवलं ते हे: गाडीत किती ताकद आहे यापेक्षा त्यातली किती आपल्या वाट्याला येते, हे महत्त्वाचं. छोट्या गाडीचं मोठेपण या वाट्यात आहे.

घाटात आनंद घ्यायचा म्हणजे वेग मारायचा, असं अनेकांना वाटतं, आणि तरुण हातांत अशी गाडी दिसली की मोठी माणसं धास्तावतात. त्यांची धास्ती मी समजू शकते. पण छोटी चपळ गाडी नीट चालवायला शिकणं म्हणजे रस्ता वाचायला शिकणं. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. आंधळ्या वळणावर ओव्हरटेक नाही, हॉर्न हवाच. चढणाऱ्या गाडीला आधी वाट. हा नियमही आहे आणि सौजन्यही. उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही, गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे इंजिन स्वतः वेग धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. कठड्यावर बसलेली माकडं, वळणावर अचानक समोर येणारी एसटी, पावसाने रस्त्यावर आणलेली माती, या सगळ्यांसाठी काहीतरी राखून ठेवायचं असतं. ज्या गाडीत चाकाखालचं सगळं हाताला कळतं, ती गाडी हे राखून ठेवायला शिकवते. मोठ्या, उंच, बंदिस्त गाडीत ऐंशीचा वेग चाळीससारखा वाटतो. छोट्या गाडीत चाळीसलाही आपण जागे असतो.

आईचा प्रश्न या सगळ्यात एकच होता: ठोकली तर? तो प्रश्न प्रत्येक गाडीला लावून बघितला पाहिजे, असं मी प्रत्येक तरुणाला सांगते. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत दोन एअरबॅगच्या पोलोला २०१४ मध्ये चार तारे मिळाले, २०१८ मध्ये तपासलेल्या स्विफ्टला दोन, आणि २०२० मध्ये अल्ट्रोझला पाच. स्विफ्टच्या ज्या हलकेपणावर मी घाटात जीव टाकते, त्याच्या शेजारी हे दोन तारेही ठेवून बघावे लागतात. तुलना करायची तर प्रेम आणि पत्रा, दोन्हींची करावी.

खर्चाचंही तेच. जुन्या टर्बो गाडीला वेळेवर आणि योग्य दर्जाचं तेल लागतं, त्यात काटकसर चालत नाही. जोरात चालवून आल्यावर लगेच इंजिन बंद न करता थोडं संथ चालू द्यावं, म्हणजे टर्बो निवतो. नवे स्टीकर, मोठा सायलेन्सर, रुंद रिम यांवर पैसे घालण्याआधी चार चांगले टायर घ्यावेत, कारण तळहाताएवढ्या चार जागांवरच सगळी गाडी रस्त्याला धरून असते. माझ्या पहिल्या बोनसचे टायर आले, आणि त्या दिवसापासून पावसातला घाट मला दुसराच वाटू लागला.

आज या गाड्या एकेक करून यादीतून गेल्या आहेत. पोलो गेली, पुंतो गेली. मारुतीची बलेनो आरएस २०१७ मध्ये आली आणि काही वर्षांतच गेली. कोइम्बतूरच्या जयेमबरोबर टाटांनी २०१८ मध्ये काढलेली, ११४ अश्वशक्तीची टियागो जेटीपीही टिकली नाही. लोकांना उंच गाड्या हव्या आहेत. खड्ड्यांचे रस्ते पाहिले की त्याचं कारणही समजतं. पण त्यातून एक गोष्ट हातची निसटतेय. पहिल्या पगारावर कर्ज काढणाऱ्या मुलीला किंवा मुलाला, करोडपती न होता, यंत्राशी बोलता येण्याची संधी म्हणजे ही गाडी. श्रीमंतांना तो आनंद नेहमीच मिळत आला. बाकीच्यांना तो मिळावा म्हणून ही छोटी गाडी जन्माला आली होती.

मामेभावाने नुकतंच पर्मनंट लायसन्स काढलं आणि मला विचारलं, कोणती घेऊ? मी त्याला गाडीचं नाव सांगितलं नाही. तीन वेगळ्या गाड्या स्वतः चालव, म्हटलं, एकदा शहराच्या गर्दीत आणि एकदा चढावर. विम्याचा हप्ता आधी विचार. ओळखीच्या मेकॅनिककडून खालून तपासून घे. आणि ज्या गाडीत तुझं लक्ष आपोआप रस्त्यावर राहतं, ती घे, मग तिच्यावर कुठलंही चिन्ह असो.

सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मापं तीच राहिली: पेट्रोलसाठी १२०० सीसी, लांबी चार मीटर. म्हणजे त्या चौकटीत अजून जागा आहे, आणि आता ती जास्त परवडणारी आहे. तेवढ्या मापात किती जीव भरता येतो, हे चाकणने करून दाखवलं आहे. अशा गाड्या पुन्हा निघाव्यात असं आम्हा तरुणांना वाटत असेल, तर शोरूममध्ये जाऊन ॲव्हरेज विचारून झाल्यावर आम्ही त्याही मागितल्या पाहिजेत, आणि निघाल्या की विकतही घेतल्या पाहिजेत.