विस्तव

आमच्या वडिलांना गावात कुणी नावानं हाक मारत नसे. ख्रिस्ती वस्तीत ते ‘पाळकसाहेब’, गावठाणात ‘पादरीबाबा’. नेवासे तालुक्यातल्या तीन खेड्यांच्या मंडळ्या त्यांच्याकडे होत्या आणि तिन्ही मिळून एक सायकल. सायकलच्या कॅरियरवर बहुतेक वेळा मी.

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. त्यामुळे आमच्या वस्तीत ख्रिस्ती होऊन तीन-चार पिढ्या झालेल्या. टिळकांचे अभंग म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही तोंडपाठ. शेती मात्र दोन-चार घरांनाच, बाकी सगळे हातावर पोट भरणारे. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि देवळाच्या पाटीवर नवं नाव आलं. पाळकाचं काम तेच राहिलं. रविवारी उपासना, अधूनमधून बाप्तिस्मा, लग्न, मयत आणि उरलेल्या दिवसांत घरभेटी.

मग १९७२ चा दुष्काळ आला. आमच्या विहिरीत पोहरा सोडला की नुसता दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, तिची भाकरी नीट थापली जात नसे. पोरांना सुकडी मिळायची. पगार थकला की तेवढ्यावरच दिवस निघायचा. बाबांनी रविवारची उपासना सकाळची रात्री घेतली, कंदील लावून. लोक फोड आलेले हात मांडीवर उपडे ठेवून बसायचे.

त्या दिवसांत मंडळीकडे मदतीचं थोडं धान्य आणि दूधपावडर आली. सगळ्यांना पुरणारी नव्हती. ज्याच्या घरात काहीच नाही त्याला आधी द्यायचं ठरलं. पंच म्हणाले, “आम्ही वाटून घेऊ घरं, पाळकसाहेब. तुम्ही एकटे कुठं कुठं फिरणार?”

बाबा म्हणाले, “माझं काम आहे ते. मी बघतो.”

आमच्या वस्तीत एक्केचाळीस घरं. बाबांनी दोन दिवसांत सगळी पालथी घातली. मी वही घेऊन बरोबर. बाबा दारात उभे राहून विचारायचे, “काय, बरं आहे ना?” आणि सांगतील तसं मी लिहायचो. द्यायचं असेल तर नावापुढे रेघ, नसेल तर फुली.

वडाजवळच्या घरात एक आजी एकटी राहायची. तरुणपणी ती बायबलबाई होती. पायी खेडोपाडी फिरून तिनं कितीतरी बायांना अक्षरओळख करून दिली होती. माझ्या आईलाही तिनंच वाचायला शिकवलं. बाबांनी विचारलं तेव्हा ती चौकटीला धरून उभी होती. लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले.

“सलाम, पाळकसाहेब. देवाची दया हाय. मला काय लागतंय एकटीला? ज्यास्नी लेकरं हायेत त्यास्नी द्या.”

बाबा हसले. म्हणाले, “आजी, तुमच्यासारखा विश्वास पाहिजे.” मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी फुली मारली.

नवव्या दिवशी शेजारणीला ती आत पडलेली दिसली. चुलीतली राख कधीची गार होती. डब्यात मूठभर मिलो, त्याला पोरकिडे लागलेले. बैलगाडीत घालून तिला तालुक्याला नेलं. चार दिवसांनी ती गेली. म्हातारी होतीच, असं लोक म्हणाले. दुष्काळात म्हाताऱ्या माणसांचं असंच होतं, असंही म्हणाले. बाबांनी मयतीची उपासना घेतली, माती लोटली आणि घरी येऊन ओट्यावर बसले. जेवले नाहीत.

आईनं खूप वेळ काही म्हटलं नाही. मग भांडी घासता घासता म्हणाली, “अहो, दारात उभं राहून पुरुषमाणूस विचारतो, ‘बरं आहे ना?’ त्याला कोण ‘नाही’ म्हणेल? त्यातून पाळक. त्यातून ती आजी, जिनं आयुष्यभर दुसऱ्याला दिलं. तुम्ही तिला विचारलंतच नाही. तुम्ही तिच्याकडून ‘हो’ वदवून घेतलंत.”

बाबा गप्पच.

“आम्हा बायकांना विचारायला लागत नाही,” आई पुढे म्हणाली. “सकाळी विस्तव मागायला गेलं की कळतं कुणाची चूल पेटली आणि कुणाची नाही.”

काडेपेटी वाचवायला शेजारणीकडून विस्तव आणायची रीत तेव्हा आमच्याकडे होती. खापरीत दोन निखारे घेऊन, वर राख घालून बाया लगबगीनं घरी जायच्या.

पुढच्या रविवारी रात्री बाबांनी प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय वाचला. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात काही विधवा राहून गेल्या आणि कुरकुर झाली. तेव्हा प्रेषितांनी सगळं आपल्याच हातात धरून ठेवलं नाही. सगळ्यांना बोलावून त्या कामासाठी सात माणसं निवडायला सांगितली. वाचून झाल्यावर बाबा व्यासपीठावरून खाली उतरले आणि लोकांच्या पातळीला उभे राहिले.

“आपल्याकडंही एक विधवा राहून गेली,” ते म्हणाले. “पंच म्हणत होते, घरं वाटून घेऊ. मी ऐकलं नाही. मला वाटलं, माझ्याइतकी माया कुणाला नाही. मी चुकलो. मला क्षमा करा.”

कुणी हललं नाही. मी पुढच्या सतरंजीवर बसलो होतो आणि शरमेनं मान वर करत नव्हतो. दुसऱ्या दिवशी शाळेत एक पोरगा म्हणालाच, “तुझ्या बापानं माफी मागितली म्हनं.” मी त्याला मारलं. बाबांचा राग आला म्हणून मारलं की स्वतःचा, ते तेव्हा कळलं नाही. फुली माझ्या हातची होती.

बाबा नुसती क्षमा मागून थांबले नाहीत. त्याच रात्री वस्तीचे सात भाग केले. एका भागाला एक पंच आणि दोन बाया. एक पंच म्हणाले, “बायांचं काय काम यात?” बाबा म्हणाले, “विस्तव तुम्ही मागायला जाता का?” लोक हसले आणि ठराव झाला. रोज सकाळी बाया विस्तवाच्या निमित्तानं फिरायच्या आणि संध्याकाळी आईला सांगायच्या. धान्य रात्री, अंधारात पोचतं व्हायचं. कुणाला काय दिलं ते वहीत लिहिलेलं असायचं, पण मंडळीसमोर कधी वाचलं जात नसे. हिशेब दर महिन्याला खजिनदार आणि एक बाई मिळून तपासायचे. पाऊस पडेपर्यंत असं चाललं. आमच्या वस्तीत पुन्हा कुणाच्या बाबतीत असं झालं नाही.

घरभेटी बाबांनी सोडल्या नाहीत. पण दारात उभं राहून ‘बरं आहे ना’ असं विचारणं सोडलं. आत जायचे, घोंगडीवर बसायचे, पोराबाळांशी बोलायचे. समोरचं माणूस आपणहून बोलायला लागेपर्यंत उठायचे नाहीत. त्यामुळे दिवसाला चारच घरं व्हायची. बाकीच्या घरांची त्यांना काळजी नसायची, कारण तिथं दुसरं कुणीतरी बसलेलं असायचं.

मी पुढे शहरात आलो. इथल्या मंडळीत पंच झालो. इथं गॅसच्या शेगड्या, विस्तव कोण मागणार? तरी एखाद्या एकट्या माणसाकडे भेटीला जायचं असलं की मी माझ्या बायकोला बरोबर घेतो. मी बाहेरच्या खोलीत बसतो. ती म्हणते, “थांबा, चहा मी टाकते,” आणि सरळ स्वयंपाकघरात जाते.