आमचा पऱ्या आणि सरकारी नकाशा

सातवीला आम्ही भूगोल शिकवतो. पुस्तक उर्दू, मुलं कोकणी आणि खिडकीबाहेर सावित्रीची खाडी. एके दिवशी फळ्यावर ‘मद्दो-जज़्र’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि विचारलं, याचा अर्थ काय? वर्ग चिडीचूप. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी बाहेर बघत म्हणाली, “सर, आता सुकती लागली.” भरती-ओहोटीची वेळ तिला घड्याळाशिवाय कळत होती. तीच गोष्ट पुस्तकात आहे, एवढंच तिला ठाऊक नव्हतं.

आमची गत तिच्या उलट. बी. एड. झालो, नकाशे वाचायला शिकलो आणि आमचं गाव वाचायचं विसरलो.

मोहल्ल्यात शिकलेला माणूस म्हणजे अर्ज लिहिणारा माणूस. उर्दूत शिकलो, मराठी बरी लिहितो, त्यामुळे रेशनकार्डापासून पासपोर्टपर्यंत सगळे कागद आमच्या ओटीवर येतात. २०२४ साली रेवस-रेड्डी सागरी महामार्गालगत १३ विकास केंद्रं होणार आणि त्यांच्या नियोजनासाठी प्राधिकरण नेमलं, अशी बातमी आली. हा महामार्ग आम्ही बॅरिस्टर अंतुलेसाहेबांच्या काळापासून ऐकत आलो आहोत. अब्बा सांगत, साहेबांनी मनात आणलं होतं. अब्बा गेले, साहेबही २०१४ साली गेले, रस्ता अजून तुकड्या-तुकड्यांतच आहे. पण या वेळी जमातीला धास्ती वाटली. आपलं गाव नकाशात कसं दिसतं ते आधी बघा आणि एक अर्ज तयार ठेवा, असं काम आमच्याकडे आलं.

किनाऱ्याचा नकाशा मिळवला. प्रमाण १ : २५,०००. म्हणजे एक सेंटिमीटरला अडीचशे मीटर. आमचं कब्रस्तान चाळीस पावलं रुंद, तीस मीटर धरा. नकाशावर ते सव्वा मिलिमीटर झालं! पेन्सिलीच्या टोकाखाली पाच पिढ्या झाकल्या गेल्या. मासळी सुकवायची जागा नाही, होड्या ओढायची घसरण नाही, ईदगाहही नाही.

खाजण मात्र होतं, पण हिरवं. दादीचं भातखाजण आम्ही लहानपणी पाहिलेलं. बांधाला उघाडी असायची. सुकतीला पावसाचं पाणी बाहेर जायचं आणि भरतीला दार आपोआप मिटून खारं पाणी अडायचं. दरवर्षी गाव मिळून बांधावर चिखल टाकी. पुढे माणसं आखातात गेली, चिखल टाकणारे हात राहिले नाहीत. खारजमिनीसाठी १९७९ चा कायदा आहे, पण बांधाला कायद्यापेक्षा चिखल लागतो. २००५ च्या जुलैमधल्या पावसात बांध फुटला. खारं पाणी आत शिरलं आणि चार-सहा वर्षांत तिथं तिवरं उभी राहिली. आता ते कांदळवन. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्याला हात लावायचा नाही, भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही सोडायचा. सातबारावर दादीची शेती, नकाशावर जंगल. आम्हाला त्याचा राग नाही. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, त्या तिवरांच्या आडोशाला बांधलेल्या होड्या वाचल्या, उघड्यावरच्या फुटल्या. पण शेत गेलं हे खरं आणि ते कसं गेलं याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

नियमांची वाट तर वळणावळणाची. १९९१ साली किनारा नियमन आलं, ५०० मीटरची हद्द आली. २०११ ला नवी अधिसूचना, २०१९ ला आणखी नवी. खाडीकाठी आता ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते ना-विकास क्षेत्र. समुद्राकाठच्या गावात दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असली तर ५० मीटर, नसली तर २००. हा २१६१ आकडा जमातीच्या बैठकीत समजावताना आमची शिक्षकी पणाला लागली. एका बुजुर्गांनी विचारलं, “दुबईवाले यात धरायचे का?” आम्हाला उत्तर देता आलं नाही.

पण अर्जासाठी गाव पायी फिरलो तेव्हा वेगळंच दिसू लागलं. जुना मोहल्ला कुणा इंजिनिअरनं आखला नव्हता, तरी आखलेला होता. घरांची तोंडं खाडीकडे, कारण रस्ता नव्हताच. मचवे आणि पडाव हीच वाहतूक. दोन घरांमधली बोळ डोंगराकडून खाडीकडे उतरती. त्यातून वारा वर यायचा, पावसाचं पाणी खाली जायचं. वरचा आणि खालचा मोहल्ला यांच्यामध्ये पऱ्या, आणि त्याच्या दोन्ही काठांना मोकळी जागा. तिथं उन्हाळ्यात निकाहचा मांडव पडायचा, पावसाळ्यात कोणी खाटही ठेवत नसे.

मग रस्ता आला, कुवेतचा पैसा आला. घरांनी खाडीकडे पाठ केली. २००९ साली आमच्या भाईजाननी बंगला बांधला. कंपाउंडची भिंत पऱ्यावरून गेली. पऱ्या दोन फुटी सिमेंटच्या पाइपात घातला. भाईजान कुवेतला होते. शाळा सुटल्यावर भिंतीवर उभं राहून गवंड्याला रेषा दाखवणारे आम्हीच. त्या वर्षी आम्ही अजून बी. एड. व्हायचो होतो, असं स्वतःला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

२२ जुलै २०२१ च्या पावसात वर महाड बुडालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडे फक्त एक पाइप तुंबला. पाणी भिंतीला अडून खालच्या मोहल्ल्यात वळलं. पहिलंच घर चाचीबींचं. तांदळाची कणगी गेली, शिलाई मशीन चिखलात. बेवा बाई, त्याच मशीनवर घर चालतं. आम्ही दुसऱ्या दिवशी चिखल काढायला गेलो. त्यांनी चहा दिला. भिंतीचा विषय काढला नाही.

जुम्म्याच्या नमाजनंतर जमात बसली. अर्जात कब्रस्तान, होड्यांची घसरण, खाजण, जुनी घरं असं ठरलं. आम्ही म्हटलं, पऱ्याही लिहू. जरा वेळ कोणी बोललं नाही. मग सेक्रेटरी म्हणाले, “मास्तर, सरकारला दिसत नाही ते आपण कशाला दाखवायचं?” त्यांच्या बोलण्यात आमच्याबद्दल लिहाजच होता. आमच्याच भिंतीची गोष्ट ते झाकत होते.

आम्ही मुलांना घेऊन गाव मोजायला काढलं. दोरी, पावलं, चौकटीचे कागद. घरं तांबडी, बोळा पिवळ्या, पाणी निळं. डोंगरापासून निघालेली निळी रेघ आमच्या बंगल्यापर्यंत आली आणि थांबली. पेन्सिल धरणारा मुलगा अवघडला. “सर, आता पाणी कुठनं दाखवू? इथं तुमची भिंत आहे.”

“भिंत दाखव,” आम्ही म्हटलं. “आणि पाणी चाचीबींच्या दारातून ने.”

तोच कागद रात्री फोनवर भाईजानना दाखवला. आधी ते चिडले. जमीन अब्बांची, पैसा त्यांचा, आणि आम्ही गावासमोर तमाशा मांडलेला. आम्ही ऐकून घेतलं. रेषा आम्हीच दाखवली होती, हेही सांगितलं. दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, “किती फूट तोडायची?”

गेल्या मे महिन्यात बारा फूट भिंत पाडली, पाइप उपटला. मुलांचा नकाशा जोडून अर्ज तालुक्याला दिला. आवक नंबर पडला आहे, उत्तर आलेलं नाही. पावसाळ्यात पऱ्या आपल्या वाटेनं गेला, बंगल्याची बाग तेवढी धुऊन नेली. चाचीबींनी मात्र शिलाई मशीन अजून चिऱ्यांवरून खाली उतरवलेलं नाही.