उतारा

आण्णांच्या वहीत दर हंगामाला सात भाग असायचे. डावा कॉर्नर, उजवा कॉर्नर, डावा इन, उजवा इन, डावा कव्हर, उजवा कव्हर आणि मधला सेंटर. चढाईचा भाग वेगळा, शेवटी. दोनशे पानी वही, निळ्या कापडी पुठ्ठ्याची, लाकडी पट्टीनं आखलेले रकाने. इस्लामपूर आणि आसपासच्या गावांतल्या जेवढ्या स्पर्धा आण्णांनी त्या हंगामात बघितल्या असतील, त्यांतला प्रत्येक गडी आपापल्या जागेच्या भागात नोंदलेला असे. डाव्या कॉर्नरची बरोबरी डाव्या कॉर्नरशीच व्हायची, कव्हरची कव्हरशी. स्पर्धांचे दिवस सरले की आण्णा प्रत्येक भागाच्या शेवटी एक ते दहा अनुक्रम लावायचे. ती यादी कुठे छापून यायची नाही, कुणी मागायचं नाही. तरी ते लावायचे.

आज मी पुण्यात खेळांच्या आकडेवारीचं काम करतो. प्रो कबड्डीचा हंगाम संपला की कुठल्या जागेवर कोण सरस ठरला, याचे तक्ते करणं हा माझ्या पोटापाण्याचा उद्योग आहे. संगणक, चित्रफिती, हाताखाली तीन हुशार पोरं, सगळं आहे. पण तक्त्याचे रकाने अजून आण्णांचेच आहेत.

आण्णा साखराळ्याच्या साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. नात्यानं माझे कुणी नव्हते. आमच्या गल्लीच्या तोंडाला त्यांचं घर होतं, एवढाच संबंध. मला लहानपणापासून दमा. गल्लीतली माझ्या वयाची पोरं संध्याकाळी व्यायाम मंडळाच्या मैदानावर अंगाला माती लावून घुमायची आणि मी कडेला त्यांचे सदरे सांभाळत बसायचो. ज्या खेळात एका दमात कबड्डी, कबड्डी म्हणत पलीकडं जाऊन परत यायचं, त्या खेळात माझ्यासारख्यानं करायचं काय? १९८८ सालच्या थंडीत, मी आठवीत असताना, आण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. मांडीवर वही होती. म्हणाले, "आरं, नुसता बघतोयस कशाला? लिव की. माझी नजर चढाई करणाऱ्यावर आसती, तवा मागचं कोण काय करतंय ते हुकतं. तू मागचं बग."

तेव्हापासून मी मागचं बघतोय.

काट्यावरच्या माणसाला वजनाची नजर असते. उसाची भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, गाडी गव्हाणीकडं जाते, रिकामी होऊन परत काट्यावर येते. दोन वजनांतला फरक तो ऊस. आण्णांनी कबड्डीला हाच हिशोब लावला होता. एखाद्यानं हंगामात नव्वद गुण केले असं मी मोठ्या कौतुकानं सांगितलं की ते विचारायचे, "ही भरल्या गाडीचं वजन झालं. रिकामी गाडी किती?" म्हणजे सामने किती खेळला, चढाया किती केल्या, किती वेळा हात हलवत परत आला, किती वेळा स्वतः बाद होऊन संघाला एका गड्यानं उणं केलं. आणि त्याच्यापुढचा त्यांचा शब्द होता उतारा. आमच्या भागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दोन फडांतून सारखाच टन ऊस आला, तरी शंभर किलोतून साखर किती निघाली त्यावर फडाची खरी किंमत कळते. "टनेज नको सांगूस, उतारा सांग," हे वाक्य मी आण्णांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही. शंभर चढायांमागं गुण किती, हा त्यांचा चढाईचा उतारा. दहा वेळा हात घातला त्यात गडी किती वेळा थांबला, हा कॉर्नरचा उतारा. निसटलेली पकडही लिहायचीच, हा त्यांचा दंडक होता. मी सुरुवातीला नुसत्या यशस्वी पकडी लिहायचो. ते रागावले नाहीत. पान फाडलं आणि नवीन आखून दिलं.

वहीतल्या ठिपक्यांबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण माझं सगळं आयुष्य त्या ठिपक्यांवर उभं आहे.

एका जत्रेतल्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. रात्रीची वेळ, बांबूला बांधलेले दिवे, चुन्याच्या रेषा पायांनी पुसत आलेल्या. पाहुण्या संघाचा चढाईवाला अंगानं दांडगा. त्यानं निदान रेषा ओलांडली, बोनसला पाय टाकला आणि त्याच क्षणी डाव्या कॉर्नरनं त्याचा घोटा धरला. पण हा गडी थांबणारा नव्हता. कॉर्नरला ओढत, मातीत रेघ काढत तो मध्यरेषेकडं सरकत राहिला. आणि तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं उजवा कव्हर धावत आला आणि छातीनं आडवा गेला. चढाईवाल्याची बोटं मध्यरेषेपासून चार बोटं अलीकडं मातीत रुतली. शिट्टी झाली. लोकांनी कॉर्नरला खांद्यावर घेतलं. उजवा कव्हर उठला, कोपर खरचटलं होतं त्यावर मातीच दाबली आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

आण्णांनी विचारलं, "पकड कुणाची?"

"डाव्या कॉर्नरची."

"मग त्यो गडी रेषेला का पोचला न्हाई?"

मी गप्प. मग त्यांनी मला उजव्या कव्हरचं पान काढायला लावलं आणि त्याच्या नावापुढं लाल पेन्सिलीनं एक ठिपका द्यायला सांगितलं. पकडीचा गुण ज्यानं आधी हात घातला त्याच्या नावावर चढतो, ते बरोबरच आहे. पण ज्याच्यामुळं ती पकड टिकली, त्याचा ठिपका. त्या एका रात्रीनंतर मी सामना बघण्याची रीतच बदलली. लोक टाळ्या वाजवतात तिकडं मी बघत नाही. टाळ्या वाजायच्या अर्धा क्षण आधी कोण कुठं होता, ते बघतो.

तो उजवा कव्हर आमच्याच भागातला, शेतमजुराचा पोरगा. १९८९-९० च्या हंगामात त्याच्या नावावर पकडी अगदी थोड्या होत्या, पण ठिपक्यांनी पान भरलं होतं. आण्णांनी त्या वर्षी उजव्या कव्हरच्या यादीत त्याला पहिला लावला. पुढं निवडीची वेळ आली तेव्हा आण्णा ती वही घेऊन निवड करणाऱ्यांकडं गेले. त्या माणसांची नावं मी लिहिणार नाही. त्यांनी वही ठेवून घेतली, बघतो म्हणाले. संघ जाहीर झाला. उजव्या कव्हरला एक चढाईवाला घातला होता, ज्याचे गुण जास्त होते. वही परत आली नाही. पोरगा दोन वर्षांत खेळ सोडून ऊसतोडीच्या टोळीत गेला. आण्णांनी त्याबद्दल कधी कुणाला बोल लावला नाही, पण त्यानंतर प्रत्येक वही दोनदा लिहिली जाऊ लागली. एक त्यांच्या अक्षरात, एक माझ्या.

१९९० च्या बीजिंग आशियाई खेळांत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र आण्णांनी मला वाचायला लावलं. सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "कुणी कुठल्या जागेवर काय केलं, ह्यात कुटं हाय?"

बारावीनंतर गणितात पुढं जायचं, हे आण्णांनी माझ्या वडिलांना पटवलं. बी.एस्सी. झाल्यावर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा खानावळीच्या पैशांची अडचण होती. त्या वर्षी गळिताच्या हंगामात आण्णांनी रात्रपाळ्या जास्तीच्या घेतल्या आणि ते पैसे आईच्या हातात दिले. मला नंतर कळलं. पहिल्या पगारातून मी ते परत करायला गेलो, तर घेतले नाहीत. म्हणाले, "मंडळाला चुना आण. पोरं रेषा मारत्यात त्या विटकरीनं." मी चार पोती चुना आणून टाकला. मैदानावर मॅट येईपर्यंत दर वर्षी टाकत गेलो.

नोकरीत लागल्यावर मला बेसबॉलचं वाचावं लागलं, कारण खेळाच्या आकडेवारीचं शास्त्र तिथं सगळ्यांत पुढं गेलेलं. तिथं मला बिल जेम्स भेटला. अमेरिकेत कॅन्सास राज्यात डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी असलेला हा माणूस. रात्री जागून हंगामाचे आकडे मांडायचा आणि १९७७ साली त्यानं स्वतःच्या खर्चानं आपली पहिली पुस्तिका काढली. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाच्या नऊ जागा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मध्ये उभा राहणारा शॉर्टस्टॉप आणि पहिल्या तळावरचा खेळाडू, दोघांच्या फटक्यांचे आकडे शेजारी ठेवून कोण मोठा ते ठरवता येत नाही, कारण शॉर्टस्टॉपची जागा राखणं फार अवघड आहे आणि ती राखू शकणारे थोडे. आधी जागेचा विचार, मग आकडा. पुढं ओकलंडच्या संघानं अशाच विचारांवर कमी पैशात संघ उभा केला, त्यावर २००३ साली पुस्तक आलं, २०११ साली चित्रपट आला. मी हे सगळं वाचत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर साखराळ्याचा काटा होता. रात्रपाळी, कारखाना, वही. आण्णांना बेसबॉल हा शब्दही माहीत नव्हता.

प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला सुरू झाली आणि आमच्या खेळाला पहिल्यांदा पूर्ण हंगामाचे आकडे मिळाले. पहिल्या हंगामात अनुप कुमारचे चढाईचे १५५ गुण, १६ सामन्यांत. पाचव्या हंगामात, २०१७ साली, प्रदीप नरवालचे ३६९, पण सामने २६. म्हणजे ३६९ हा १५५ च्या दुपटीहून जास्त दिसतो, पण सामन्यामागं बघितलं तर साडेनऊच्या वरचा उतारा चौदाच्या वर गेला. झेप मोठीच आहे, पण दुप्पट नाही. पकडीच्या याद्या बघा. पहिल्या हंगामातला सुरेंदर नाडा, सहाव्या हंगामात पकडीचे १०० गुण करणारा नितेश कुमार, दहाव्या हंगामात ९९ करणारा मोहम्मदरेझा शादलू, आणि या सगळ्या वर्षांत पकडींचा डोंगर रचणारा फझल अत्राचली. सगळे कॉर्नर. घोटा आणि मांडी कॉर्नरच्याच हाताला येते, त्यामुळं एकच यादी केली तर वरच्या जागा कॉर्नरच घेणार आणि कव्हर खाली दबून जाणार. म्हणून मी एक यादी कधी करत नाही. सात करतो.

२०१५ चा दुसरा हंगाम मी आण्णांबरोबर त्यांच्या घरी बघितला. त्यांना दिसायला कमी आलेलं, मी शेजारी बसून सांगायचो. त्या वर्षी चढाईत सगळ्यांत जास्त गुण केले ते आमच्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या काशिलिंग आडकेनं. दबंग दिल्लीकडून ११४ गुण. तालुक्यात आनंदीआनंद होता. आण्णाही हसले, पण लगेच म्हणाले, "सामने किती?" साखळीत दिल्लीचे १४. "म्हंजे आठाच्या वर उतारा. आन् दिल्ली उपांत्य फेरीत हाय का?" नाही, म्हटलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "मग त्याला आणखी वर धर. जोडीचा बैल थकलेला आसताना वढलेली गाडी जड आसती." त्या रात्री मी पुण्याला परत आलो आणि संघाचं बळ आणि खेळाडूचा वाटा वेगळा काढणारा रकाना पहिल्यांदा माझ्या तक्त्यात घातला. त्या रकान्याला कार्यालयात लांबलचक इंग्रजी नाव आहे. माझ्या फाईलमध्ये तो 'जोडीचा बैल' आहे.

ठिपक्याचा रकानाही आहे. चित्रफीत थांबवून, मागं घेऊन, कुणी साखळी धरली, कुणी आडवा गेला, ते पोरं नोंदवतात. त्यांना सुरुवातीला हे काम किचकट वाटतं. मग मी त्यांना जत्रेतला तो सामना सांगतो.

आण्णा २०१७ साली गेले. घरच्यांनी वह्यांचं गाठोडं मला दिलं. मी वह्या लावून बघितल्या. सगळे हंगाम ओळीनं आहेत, काही त्यांच्या अक्षरात, काही माझ्या. मध्ये फक्त एक नाही. १९८९-९० ची. निळा कापडी पुठ्ठा, आत उजव्या कव्हरचं पान लाल ठिपक्यांनी भरलेलं. त्या पोराच्या खेळाचा दुसरा कुठलाही पुरावा शिल्लक नाही. इस्लामपूर, आष्टा, वाळवा, पेठ या भागात कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, मंडळाच्या कपाटात अशी वही सापडली तर ती रद्दीत घालू नका. मला कळवा. मी स्वतः न्यायला येईन.